वांदरबाशिंगाचं पोर

‘थांबा! कोणी हलू नका!’

डॉ. रेडेकर सर ओरडले तेव्हा त्यांना साप दिसला असं वाटून मी एका पायावर उभा राहिलो. दुसरा पाय आधीच हातात होता, कारण पोटरीला जळू चिकटली होती आणि मी तिच्यावर तंबाखू चोळत होतो. हौसाबाई मात्र खुशाल चालत पुढे गेल्या. कॉलेजात रोजंदारीवर माळीकाम करणाऱ्या बाईला ‘कोणी’त धरत नाहीत, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

साप नव्हता. हौसाबाईंच्या धनगरवाड्याकडे चढणाऱ्या पायवाटेला एक दगडी बांध होता आणि त्याच्या ओल्या फटीत चार पानांचं एक रोप होतं. पानं वीतभर लांब, जिभेसारखी अखंड, कडेला किंचित लहर. बुडाशी तपकिरी लव. आमचे विभागप्रमुख त्या रोपासमोर चिखलात गुडघे टेकून, भिंग डोळ्याला लावून बसले होते. त्या वयात त्यांना खाली बसताना आम्ही फक्त अध्यक्षांच्या पाया पडताना पाहिलं होतं.

‘मगदूम, हा नेचा तुम्ही कधी पाहिलाय?’

‘नाही सर.’

‘मीसुद्धा नाही. म्हणजे कोणीच नाही.’

हौसाबाईंनी वाकून पाहिलं. ‘वांदरबाशिंगाचं पोर हाय त्ये,’ त्या म्हणाल्या.

वांदरबाशिंग म्हणजे घाटातल्या झाडाझाडावर बसलेला आपला नेहमीचा नेचा. खोडाला चिकटून सुकी तपकिरी पानं, नवरदेवाच्या बाशिंगासारखी, आणि त्यातून वर आलेली हातहात लांबीची हिरवी पानं, खोल कातरलेली. आमच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही तो ओळखू येतो.

‘बाई, वांदरबाशिंगाचं पान कातरलेलं असतं,’ सर मोठ्या सोशिकपणे म्हणाले. ‘हे बघा, अखंड आहे.’

‘ल्हान हाय म्हून. करडाला जल्मतः शिंगं कुठं असत्यात?’

‘मगदूम, लोकसमजूत आणि शास्त्र यांतला फरक तो हा. लिहून ठेवा.’

मी लिहून ठेवलं. मग एक पान हळूच उलटं करून पाहिलं. नेच्याची सगळी ओळख पानामागच्या ठिपक्यांत असते. बीजाणू तिथे धरतात, आणि ठिपक्यांचा आकार, रांग, जागा पाहूनच जात ठरवायची असते. इथे पानामागे काहीच नव्हतं. ठिपके नसताना नेच्याला नाव देणं म्हणजे पाळण्यातल्या पोराची लग्नपत्रिका छापणं. हौसाबाई बरोबर आहेत, हे मला तिथेच, एका पायावर उभ्या उभ्या कळलं होतं.

‘सर, मागे ठिपके नाहीत.’

‘नाहीत ना? तेच तर याचं वैशिष्ट्य!’ सर म्हणाले.

मी गप्प बसलो. का बसलो ते आताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवायला नको. मी त्या कॉलेजात दोन वर्षं हंगामी अधिव्याख्याता होतो. कायम होण्याचा कागद संस्थेच्या अध्यक्षांच्या, बापूसाहेब इंगवल्यांच्या सहीने निघायचा, आणि बापूसाहेब सही करायचे ती रेडेकर सरांनी लिहिलेला गोपनीय अहवाल पाहून. निपाणीच्या शालनशी माझी बोलणी झाली होती. तिचे वडील हात जोडून म्हणाले होते, ‘मुलगा पसंत आहे. कायमची ऑर्डर दाखवा, लगेच तारीख काढू.’ मी वयाच्या तिसाव्या वर्षी गुडघ्याला बाशिंग बांधून त्या ऑर्डरची वाट बघत होतो, आणि ते बाशिंग सोडायचं की बांधायचं हे रेडेकर सरांच्या हातात होतं.

आम्ही घाटात आलो होतो तेही एका कागदासाठीच. दिवाळीनंतर विद्यापीठाची मूल्यांकन समिती येणार होती. सगळ्या विभागांनी काहीतरी ‘वैशिष्ट्यपूर्ण’ दाखवायचं होतं. भूगोलाने सिमेंटचा डोंगर केला होता, मराठीने भिंतीवर सुविचार रंगवले होते. आम्ही प्रयोगशाळेमागे हिरव्या जाळीचं नेचेघर बांधलं होतं आणि आता त्यात न दिसणारे, न मिळणारे नेचे आणून लावायचे होते. प्राचार्यांना कुंड्यांची संख्या हवी होती. बापूसाहेबांना फोटो हवा होता. रेडेकर सरांना अशी वनस्पती हवी होती, की जिला अजून नावच नाही.

रोप फटीतून काढलं ते हौसाबाईंनी. सरांनी फक्त सूचना दिल्या. परत फिरताना हौसाबाई एका अंजनीच्या झाडाखाली थांबल्या आणि वर बोट दाखवून म्हणाल्या, ‘आन् ह्ये न्हाई का न्यायचं? ह्ये लई कमी गावतंय. माझ्या सासूच्या वक्ताला वरल्या रानात बी हुतं, आता ह्येच एक ऱ्हायलंय.’

फांदीवरून हिरव्या दोऱ्यांचा एक झुपका लोंबत होता. प्रत्येक दोरी खाली जाऊन दुभंगलेली, परत दुभंगलेली, टोकाला बारीक वेणीसारखी. ते लायकोपोडियम होतं, नेच्यांचं थोरलं चुलत घराणं. पुस्तकातल्या चित्राबाहेर मी ते कधी पाहिलं नव्हतं, आणि आमच्या जिल्ह्यात ते आहे असं कुठल्याच यादीत लिहिलेलं नव्हतं.

‘सर! सर, हे बघा!’

सरांनी भिंग न काढताच वर पाहिलं. ‘लायकोपोडियम. हं. याला नाव आहे ना पण आधीच?’

‘हो, आहे.’

‘मग काय उपयोग?’

तरी हौसाबाईंनी झाडावर चढून, साल न दुखवता, त्यातली एक जुडी सोडवली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून पोरासारखी कडेवर घेतली. नेचेघरात आल्यावर मागच्या कोपऱ्यात एक सुकी फांदी टांगून त्यावर ती बांधली. तिला पाटी मिळाली नाही. नाव असलेल्यांना पाटी द्यायची नाही असं सरांचं त्या काळात धोरण झालं होतं.

चार पानांच्या रोपाला मात्र संगमरवराची पाटी आली. ती लावायच्या आधी बापूसाहेबांची परवानगी हवी होती, कारण नाव त्यांच्या कैलासवासी वडिलांचं द्यायचं होतं. बापूसाहेब दूध संघातून थेट नेचेघरात आले. मागे फोटोग्राफर. त्यांनी रोपाकडे बराच वेळ पाहिलं.

‘फूल कधी येतं याला?’

‘साहेब, नेच्याला फूल येत नाही,’ सर म्हणाले.

‘बरं. फळ?’

‘फळ… फळसुद्धा नाही साहेब.’

‘भाजी-बिजी होते?’

‘तसं काही नाही.’

बापूसाहेबांनी चष्मा काढला. ‘फूल नाही, फळ नाही, खायच्या कामाचं नाही. त्याला आमच्या आबांचं नाव? भाऊबंद काय म्हणतील, रेडेकर?’

सरांच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, आता हे प्रकरण इथेच मिटतंय. पण सर उगाच वीस वर्षं विभागप्रमुख नव्हते. ‘साहेब,’ ते म्हणाले, ‘घराणं बघा ना. चाळीस कोटी वर्षांचं घराणं आहे हे. गुलाब, आंबा, ऊस, सगळे याच्यानंतर आलेले. कालचे.’

‘ऊससुद्धा?’

‘ऊस तर अगदीच अलीकडचा.’

‘मग लावा आबांचं नाव,’ बापूसाहेब म्हणाले, आणि फोटोसाठी कुंडीवर हात ठेवून उभे राहिले.

अशा रीतीने ‘मायक्रोसोरम इंगवलेई’ जन्माला आलं. स्थानिक वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी आली, ‘तालुक्यात दुर्मीळ नेच्याचा शोध’. फोटोत बापूसाहेब मोठे, सर मध्यम आणि नेचा बापूसाहेबांच्या अंगठीमागे होता. मी लांबून दिसत होतो. शालनच्या वडिलांनी तो कागद कापून ठेवला, आणि निरोप आला, ‘आता ऑर्डर लवकर निघेल ना?’

सप्टेंबरच्या मध्यावर रोपाने पाचवं पान काढलं. नेच्याचं नवं पान गुंडाळी होऊन येतं आणि सात-आठ दिवसांत उलगडतं. हे उलगडलं. त्याच्या कडेला दोन खोल कातरे होते. त्यामागून आलेल्या सहाव्याला पाच होते.

मी सरांना बोलावून आणलं. सरांनी भिंग लावलं, काढलं, पुसलं, परत लावलं.

‘ही विकृती आहे,’ ते म्हणाले. ‘पाणी जास्त झालंय. विकृत पानं काढून टाका. मूळ लक्षण टिकलं पाहिजे.’

‘सर, हे वाढतंय. हे वांदर…’

‘मगदूम,’ सर भिंग खिशात ठेवत म्हणाले, ‘तुमचा गोपनीय अहवाल आलाय माझ्याकडे लिहायला. शिस्त, निष्ठा, सहकार्य, असे रकाने आहेत. मी अजून काही भरलेलं नाही.’

मी ती दोन पानं काढून टाकली.

त्या दिवसापासून रोज सकाळी साडेसहाला, कॉलेज उघडायच्या आत, मी नेचेघरात जायचो. रोपाच्या बुडाशी लवेत कुठे गुंडाळी डोकं वर काढते का ते शोधायचं आणि नखाने खुडायची. उलगडू द्यायचीच नाही, म्हणजे आत काय आहे ते बघावं लागणार नाही. वनस्पतिशास्त्राची पहिल्या वर्गातली पदवी घेतलेला माणूस मी, एका वनस्पतीला वाढू न देण्यासाठी अंधूक उजेडात धावत जायचो. रस्त्यात भेटणारे दूधवाले म्हणायचे, ‘सर केवढे मेहनती!’

एका सकाळी हौसाबाई आधीच आलेल्या होत्या. कोपऱ्यातल्या लायकोपोडियमवर पाणी शिंपडत होत्या. मी खुडलेली गुंडाळी मुठीत लपवली.

‘काय करतासा सर?’

‘रोग पडलाय बाई. काढतोय.’

‘रोग न्हाई त्यो. वाढतंय त्ये.’ त्या जवळ आल्या. ‘मी पंधरा दीस बघतीया. म्हटलं उंदीर खातुया का काय.’

मला कोणाजवळ तरी बोलायचंच होतं. ‘बाई, हे मोठं झालं तर याचं नाव जाईल.’

‘जाऊ द्या की. नावाबिगर झाड मरत न्हाई.’

‘नाव गेलं तर माझी नोकरी जाईल. नोकरी गेली तर लग्न मोडेल.’

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग रोपाकडे पाहिलं. दोघांत जास्त वाईट अवस्था कोणाची आहे हे त्या ठरवत असाव्यात. ‘मंग खुडा बाबा,’ त्या म्हणाल्या. ‘पर आठ दिसांतनं एक तरी ठिवा. पानावरच जगतं न्हवं त्ये? सगळंच काढलासा तर उपाशी मरंल.’

मी एकही ठेवलं नाही. दिवाळीपर्यंत जुन्या चार पानांतलं एक पिवळं होऊन गळलं. सर म्हणाले, ‘तीन पानं हे लक्षण जास्त ठसठशीत दिसतं.’

समिती आली नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. अध्यक्ष होते प्राचार्य गोसावी, अर्थशास्त्राचे. त्यांचं सगळं लक्ष दुपारच्या जेवणात बासुंदी आहे की श्रीखंड याकडे होतं. एक सदस्य ग्रंथपाल होते. तिसरे सदस्य प्राणिशास्त्राचे असणार होते, पण ऐनवेळी त्यांची पाठ धरली आणि त्यांच्या जागी पुण्याहून डॉ. इंदुमती सबनीस आल्या. नाव ऐकताच रेडेकर सर खुर्चीत बसले. सबनीसबाईंनी सगळा जन्म नेच्यांत घालवला होता. आमची टिपणं ज्या पुस्तकांवरून उतरवलेली होती त्यांत त्यांचं नाव पानोपानी होतं, अर्थात आमच्या टिपणांत ते खोडलेलं होतं.

‘नेचेघर कार्यक्रमात पाच मिनिटांचं आहे,’ सर मला म्हणाले. ‘दारातून दाखवायचं. आत न्यायचं नाही. चिखल आहे म्हणायचं.’

ते जमलंही असतं. घोटाळा झाला तो स्वागताच्या गुच्छात. सरांनी नाना शिपायाला सांगितलं होतं, ‘गुच्छ जरा भरगच्च दिसू देत, हिरवं लोंबतं काहीतरी घाल.’ नाना नेचेघरात गेला. पाटी असेल त्याला हात लावायचा नाही, एवढं त्याला माहीत होतं. पाटी नसलेलं, हिरवं आणि लोंबतं असं एकच काय ते होतं. हौसाबाई ‘आरं नगं, आरं नगं’ म्हणत त्याच्यामागे स्टेजपर्यंत धावत आल्या. तिथून त्यांना हुसकावलं.

प्राचार्यांचं स्वागताचं भाषण चालू होतं. सबनीसबाईंनी मांडीवरचा गुच्छ उचलला, गुलाब बाजूला सारले, चष्मा कपाळावर चढवला आणि त्या लोंबत्या दोऱ्यांवरून बोट फिरवलं.

‘हे कुठून आणलंत?’ त्यांनी शेजारी बसलेल्या रेडेकर सरांना विचारलं. आवाज खणखणीत होता. प्राचार्यांचं ‘ज्ञानगंगा’ अर्ध्यावर थांबलं.

‘फुलवाल्याकडून,’ सर हसून म्हणाले.

‘तुमच्या गावात फुलवाला लायकोपोडियम विकतो?’

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण सावरायला त्यांना दोन क्षण पुरले. ‘म्हणजे… आमच्या विभागाचाच शोध आहे तो, मॅडम.’

‘शोधलंत आणि गुच्छात घातलंत?’

‘आपल्या सन्मानार्थ,’ सर म्हणाले.

सबनीसबाई उठल्या. ‘मला हे जिथे वाढतंय ते बघायचंय. आत्ता.’ त्या स्टेजवरून उतरल्या. मागोमाग बापूसाहेब, प्राचार्य, गोसावी, रेडेकर सर आणि शेवटी मी. चिखल आहे, हे सरांनी दोनदा सांगितलं. बाईंनी साडीचा काठ वर खोचला आणि आत शिरल्या.

कोपऱ्यात हौसाबाई होत्या. नानाने कापलेल्या लायकोपोडियमच्या उरलेल्या चार दोऱ्या परत फांदीला बांधत होत्या. सबनीसबाईंनी त्यांना विचारलं, ‘तुम्हाला कुठे मिळालं हे?’ हौसाबाईंनी अंजनीचं झाड सांगितलं, फांदी कुठल्या अंगाला होती ते सांगितलं, सासूच्या वेळी कुठवर होतं ते सांगितलं. बाई एकेक गोष्ट वहीत लिहून घेत होत्या. त्या पाच मिनिटांत आमच्या कॉलेजात पहिल्यांदाच काहीतरी शिकणं-शिकवणं चाललं होतं.

मग त्या वळल्या आणि त्यांना संगमरवर दिसला.

वाचायला त्यांना वेळ लागला नाही. त्या कुंडीशी खाली बसल्या. तीन पानांपैकी एकाला उलटं केलं, सोडून दिलं. बुडाशी लवेत बोट घालून त्या चाचपू लागल्या, आणि चाचपता चाचपता पुटपुटू लागल्या, ‘सहा… नऊ… चौदा…’

आम्ही सगळे गोल उभे होतो. बापूसाहेबांना वाटलं, बाई मंत्र म्हणताहेत. ते हात जोडून उभे राहिले.

‘ही नवी पानं कोणी खुडली?’ बाईंनी मान वर न करता विचारलं.

रेडेकर सर माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत ते सगळे रकाने स्पष्ट दिसत होते, शिस्त, निष्ठा, सहकार्य. मी पाटीकडे बघत होतो. मला शालन दिसत होती, एवढं खरं.

‘म्या खुडते बाई,’ हौसाबाई म्हणाल्या.

सबनीसबाईंनी मान वर केली. ‘तुम्ही? का?’

‘मोठं झालं की त्येचं नाव जातं म्हून.’

मागे गोसावी खोकले. बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं?’

‘कुनी न्हाई. माझं मलाच वाटलं.’

‘नेचेघराची जबाबदारी कोणाची आहे?’

‘यांची, प्राध्यापक मगदूमांची,’ रेडेकर सर चटकन म्हणाले.

बाई उठून माझ्यासमोर आल्या. ‘मगदूम, या म्हणतात ते खरं आहे?’

‘हो,’ मी म्हणालो. ‘माळीकाम बाईच बघतात. आम्ही त्यांना हात लावू नका म्हणून सांगितलं होतं.’

दुसरं वाक्य मला कोणी विचारलं नव्हतं. ते माझं मीच घातलं, पदरचं. हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग परत दोऱ्या बांधायला लागल्या.

पुढचं सगळं फार झटपट झालं. बापूसाहेब कडाडले, ‘आमच्या आबांची पानं खुडता?’ प्राचार्यांनी तिथल्या तिथे हौसाबाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सबनीसबाई गोसाव्यांना म्हणाल्या, ‘ही नवी जात वगैरे काही नाही. साधं वांदरबाशिंग आहे, लहान.’ गोसाव्यांनी घड्याळ पाहिलं. ‘मॅडम, नावाचा प्रश्न समितीच्या कार्यकक्षेत येत नाही. आणि बासुंदी तयार आहे म्हणतात.’

गाडीत बसताना सबनीसबाईंनी मला खूण करून जवळ बोलावलं. मला वाटलं आता सगळ्यांदेखत खरडपट्टी काढतील. त्या काच खाली करून हळूच म्हणाल्या, ‘नखं धुऊन घ्या, मगदूम. नेच्याचा रस काळा पडतो.’

मी हात मागे घेतले, पण त्यांनी आधीच पाहिलं होतं.

समितीच्या अहवालात आमच्या विभागाबद्दल तीन वाक्यं होती. विभागप्रमुख डॉ. रेडेकर यांनी जिल्ह्यात प्रथमच लायकोपोडियम शोधून काढलं ही अभिमानाची बाब आहे. नेचेघराचा उपक्रम स्तुत्य आहे. माळीकामातल्या कर्मचाऱ्यांत शास्त्रीय प्रशिक्षणाचा अभाव आढळला, संस्थेने त्यावर तातडीने कारवाई केली. सरांनी तो अहवाल चौकट करून लावला. माझ्या गोपनीय अहवालातले सगळे रकाने भरले, ‘सहकार्य’पुढे ‘अत्युत्कृष्ट’. फेब्रुवारीत ऑर्डर निघाली. मला लाज वाटली का? वाटली. पण खोटं कशाला सांगू, त्या दिवशी आनंद लाजेपेक्षा मोठा होता. मी पेढे वाटले.

आणि ऑर्डर निघेपर्यंत मी खुडत राहिलो. समिती गेली तरी पाटी होतीच, आणि बापूसाहेब पाहुणे घेऊन यायचे. आठ दिवसांतून एक तरी ठेवा असं म्हणणारं आता कोणी नव्हतं. संक्रांतीच्या सुमाराला दुसरं पान गळलं, महिन्याभरात उरलेली दोन. मी बोट घालून पाहिलं तर बुडाची मुळी हाताने चुरली. सरांनी पाटीखाली एक छोटी पाटी लावायला सांगितली, ‘सध्या सुप्तावस्थेत’.

वैशाखात माझं लग्न झालं. त्यानंतरच्या मंगळवारी शालनला बाजार दाखवायला म्हणून घेऊन गेलो, तर एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर हौसाबाई करवंदांची पाटी घेऊन बसलेल्या. मी पलीकडून निघून जाणार होतो, पण त्यांनीच हाक मारली.

‘सर! या की. ह्या बाईसाब का? झालं म्हना लगीन!’

‘झालं.’

‘आन् कायम झालासा?’

‘झालो. बाई, त्या दिवशी मी जे बोललो…’

‘असू द्या वो. नोकरीचं हुतं.’ त्यांनी पानाचा द्रोण करून त्यात करवंदं भरली आणि शालनच्या हातात दिली. ‘त्ये ऱ्हाऊ द्या. माझं पोर कसं हाय त्ये सांगा.’

‘कुठलं पोर?’ शालनने विचारलं.

‘वांदरबाशिंगाचं वो. कालिजात हाय.’ मग त्या माझ्याकडे वळल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘म्या मुद्दाम माझं नाव घेतलं. म्हटलं ती बाई शानी हाय, माझ्यावर वराडंल, आन् खुडायचं बंद करा म्हनंल. मंग तुमच्या बी मागची पीडा जाईल, आन् त्ये बी वाढंल. मजुरी काय, हितं न्हाई तर तितं. मंग, वाढलं न्हवं?’

शालन माझ्याकडे बघत होती. हौसाबाईही.

‘वाढलं,’ मी म्हणालो. ‘चांगलं हातभर झालंय.’

‘आन् पान? कातरलं?’

‘कातरलं.’

हौसाबाईंचा चेहरा असा फुलला, की माझ्याने बघवेना. त्यांनी द्रोणावर आणखी एक मूठ करवंदं ठेवली.

‘पयल्या दिशीच म्या सांगितलं हुतं,’ त्या शालनला म्हणाल्या, ‘पर एवढ्या मोठ्या कालिजात माझं खरं मानलं त्ये ह्या एका सरांनी.’

शालनने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं आणि द्रोण पुढे केला. मी एक करवंद घेतलं.